स्टेरॉइड आणि कॅल्शियम : दोन गोळ्यांचा मेळ

शहरांतील कोणत्याही सुशिक्षित घरांतील औषधांचा डबा उघडला, तर त्यांत कॅल्शियमच्या गोळ्यांची पट्टी हटकून सांपडते. पन्नाशी ओलांडलेली गृहिणी असो वा गुडघे धरून उठणारे आजोबा असोत, ही पट्टी तेथें असतेच, आणि तिच्याविषयीं कोणाच्या मनांत किंतु नसतो. परंतु कांहीं घरांत तिच्या शेजारीं दुसरी एक लहानशी पट्टी असते, व तिच्याविषयीं मंडळी दबक्या आवाजांत बोलतात. ती पट्टी स्टेरॉइडची. ‘स्टेरॉइडनें हाडें भुसभुशीत होतात’ हें वाक्य शेजारीपाजारीं इतक्या वेळां ऐकूं येतें कीं, रुग्ण पहिली गोळी विश्वासानें घेतो आणि दुसरी भीतभीत. मग एखादे दिवशीं तो मनाशीं ठरवितो कीं, कॅल्शियम थोडें वाढवावें आणि स्टेरॉइड थोडें कमी करावें. म्हणजे हाडेंही राखलीं जातील आणि त्या औषधाची कटकटही सुटेल. वरवर पाहतां हा विचार शहाणपणाचा वाटतो. परंतु ज्याच्या अधिवृक्क ग्रंथी काम करीत नाहींत, त्याच्या बाबतींत तो प्राणावर बेतूं शकतो. तो कां, हें समजण्यासाठीं प्रथम या ग्रंथींचें कार्य पाहिलें पाहिजे.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी एकेक लहान ग्रंथि बसलेली आहे. दोहोंचें वजन मिळून एक तोळाही भरत नाहीं. तरीही या ग्रंथींच्या बाहेरील थरांत जे स्राव तयार होतात, त्यांवांचून मनुष्य फार दिवस जगूं शकत नाहीं. त्यांपैकीं दोन महत्त्वाचे. पहिला कॉर्टिसॉल. रक्तांतील साखर आणि रक्ताचा दाब राखणें, ताप, जखम, शस्त्रक्रिया यांसारख्या प्रसंगीं शरीराला तग धरावयास लावणें, हें त्याचें काम. दुसरा अल्डोस्टेरॉन. शरीरांतील मीठ धरून ठेवणें आणि पोटॅशियम बाहेर टाकणें, हें त्याचें काम. कॉर्टिसॉल पहाटेच्या सुमारास सर्वांत अधिक स्रवतो, दिवस चढेल तसतसा उतरत जातो आणि मध्यरात्रीं अगदीं थोडा राहतो. हा चढउतार पुढें औषधाच्या वेळा ठरवितांना उपयोगी पडतो.

लंडनच्या गाइज् रुग्णालयांतील डॉक्टर थॉमस ॲडिसन यांनीं इ. स. १८५५ मध्यें एक छोटेसें पुस्तक प्रसिद्ध करून, या ग्रंथी बिघडल्यानें होणाऱ्या रोगाचें वर्णन केलें. त्यांत ११ रुग्णांची हकीकत आहे. विलक्षण थकवा, क्षीण नाडी, अन्नावरील वासना उडणें, ओकाऱ्या आणि अंगाचा वर्ण काळवंडत जाणें, हीं लक्षणें त्यांनीं जशीं टिपलीं, तशींच तीं आजही दिसतात. रोग ओळखतां आला, पण उपाय नव्हता. रुग्ण झिजत जाऊन दगावत. पुढें अमेरिकेंतील एडवर्ड केंडॉल आणि स्वित्झर्लंडमधील टाडेउश राइखश्टाइन यांनीं या ग्रंथींतील द्रव्यें शोधून वेगळीं केलीं, आणि फिलिप हेंच यांनीं १९४८ च्या सप्टेंबरांत संधिवाताच्या एका रुग्ण स्त्रीला कॉर्टिसोन देऊन पाहिलें. १९५० सालचें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक या तिघांना मिळालें. तेव्हांपासून ॲडिसनचा रोग हा मृत्यूचा निरोप राहिला नाहीं. तो नियमानें सांभाळावयाचा विकार झाला.

परंतु याच इतिहासांत आजच्या गैरसमजाचें मूळही आहे. एकच द्रव्य दोन अगदीं निरनिराळ्या हेतूंनीं दिलें जाऊं लागलें. संधिवात, दमा किंवा त्वचेचे कांहीं विकार यांत स्टेरॉइड दिलें जातें तें दाह शमविण्यासाठीं. तेथें शरीरांत कॉर्टिसॉल पुरेसा असतोच. त्याच्यावर आणखी भर घातली जाते. उलट अधिवृक्क ग्रंथी निकामी झालेल्या रुग्णाला स्टेरॉइड देतात तें केवळ भरपाई म्हणून. निरोगी मनुष्याच्या शरीरांत जें आपोआप तयार होतें, तेंच त्याला तोंडानें घ्यावें लागतें. एकाच्या ताटांत भरल्या पोटीं वाढलेलें पक्वान्न आहे, दुसऱ्याच्या ताटांत रोजची भाकरी आहे. पक्वान्नाचे तोटे ऐकून दुसऱ्यानें भाकरी सोडावी, असें कोणी म्हणणार नाहीं.

या भरपाईचें प्रमाणही ठरलेलें आहे. ॲडिसनच्या रोगांत प्रौढ माणसाला दिवसाकाठीं साधारणतः १५ ते २५ मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन दोन किंवा तीन भागांत देतात. सर्वांत मोठा भाग उठल्याबरोबर आणि शेवटचा भाग झोपण्यापूर्वीं पुष्कळ तास अगोदर, असा क्रम ठेवतात. कारण शरीराचा स्वाभाविक चढउतारही तसाच असतो. कांहींना त्याऐवजीं ३ ते ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन दिलें जातें. मीठ राखण्यासाठीं बहुतेकांना फ्लुड्रोकॉर्टिसोनची लहान गोळीही लागते.

आतां हाडांकडे वळूं. हाड दगडासारखें निर्जीव दिसतें, पण त्यांत अखंड कामकाज चालूं असतें. कांहीं पेशी जुनें हाड पोखरून काढतात आणि दुसऱ्या पेशी तेथें नवें हाड बांधतात. प्रौढ शरीरांत कॅल्शियम सुमारें एक किलोग्रॅम असतें, आणि त्यांतील ९९ टक्के हाडांत व दांतांत असतें. उरलेला अंश अल्प असला तरी हृदयाचे ठोके आणि स्नायूंची हालचाल त्याच्यावर अवलंबून आहे. म्हणून रक्तांतील कॅल्शियम कमी पडूं लागलें कीं शरीर हाडांच्या तिजोरींतून तें काढून घेतें. गरजेपेक्षां अधिक स्टेरॉइड पोटांत गेलें, तर चार गोष्टी घडतात. आंतड्यांतून कॅल्शियम कमी शोषिलें जातें. लघवीवाटे अधिक जातें. पोखरणाऱ्या पेशी प्रारंभीं अधिक काळ टिकतात. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे हाड बांधणाऱ्या पेशी कमी होतात. अमेरिकन शस्त्रवैद्य हार्वे कुशिंग यांनीं १९३२ सालीं, शरीरांत या स्रावांचा अतिरेक झालेल्या रुग्णांचें जें वर्णन केलें, त्यांतही खचलेल्या मणक्यांचा उल्लेख आहे. मोठ्या मात्रेंत स्टेरॉइड सुरू झाल्यावर हाडांची झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वांत वेगानें होते, आणि मणके व बरगड्या यांना तिचा फटका अगोदर बसतो.

यावरून कॅल्शियमच्या गोळीची मर्यादाही ध्यानांत येते. कॅल्शियम म्हणजे विटा. भिंत बांधणारे गवंडीच कामावर नसतील, तर अंगणांत विटांचे ढीग रचून भिंत उभी राहत नाहीं. गरजेपेक्षां अधिक स्टेरॉइड घेत राहून, वर चार गोळ्या कॅल्शियमच्या घेतल्यानें हिशेब जुळत नाहीं. हाडें राखण्याचा पहिला उपाय कॅल्शियम हा नसून, स्टेरॉइडची मात्रा नेमकी ठेवणें हा आहे: आवश्यक तेवढी, तिच्याहून अधिक नाहीं आणि तिच्याहून कमीही नाहीं. भरपाईची मात्रा योग्य असेल, तर हाडांना होणारा धोका मोठ्या मात्रांच्या मानानें पुष्कळच कमी असतो. ती मात्रा ठरविण्याचें काम डॉक्टरांचें. रुग्णाचें काम एवढेंच कीं, वजन वाढणें, चेहरा गोल होणें, त्वचेवर सहज काळेनिळे डाग पडणें हीं अतिरेकाचीं लक्षणें, आणि थकवा, मळमळ, उभें राहतांच भोंवळ येणें हीं कमतरतेचीं लक्षणें वेळींच त्यांच्या कानांवर घालावीं.

मग कॅल्शियम घ्यावें कीं नाहीं? घ्यावें, परंतु हिशेबानें. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० सालच्या शिफारशींप्रमाणें प्रौढ माणसाला दिवसाकाठीं १००० मिलिग्रॅम, आणि ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रियांना १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळावें. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांनाही सामान्यतः १००० ते १२०० मिलिग्रॅमच सांगितलें जातें. यांतील महत्त्वाचा मुद्दा असा कीं, हा आंकडा गोळ्यांचा नसून अन्न आणि गोळ्या मिळून होणाऱ्या बेरजेचा आहे. समजा, घरांतील एखादी स्त्री दिवसाला दोन पेले दूध घेते. प्रत्येक पेला २०० मिलिलिटरचा धरला तर सुमारें ४८० मिलिग्रॅम झालें. ५० ग्रॅम नाचणीच्या पिठाची एक भाकरी घेतली, तर सुमारें १८० मिलिग्रॅम. एक वाटी दही धरून आणखी सुमारें १२०. बेरीज ७८० झाली. तिळाची चटणी, शेवग्याच्या पाल्याची भाजी किंवा मासळी खाणाऱ्या घरांत काट्यांसकट खाल्लेली लहान मासळी असेल, तर ती आणखी वाढते. पालकांतही कॅल्शियम आहे, पण त्यांतील ऑक्झलेटमुळें तें अंगीं फारसें लागत नाहीं. तेव्हां या स्त्रीला तूट आहे ती दोनशें ते चारशें मिलिग्रॅमची. तिला ५०० मिलिग्रॅमची एक गोळी पुरते. तिनें तीन घेण्याचें कारण नाहीं. जिच्या आहारांत दूधदुभतें जवळजवळ नाहीं, तिचा हिशेब अर्थातच वेगळा.

गोळीच्या वेष्टनावरील आंकडाही नीट वाचला पाहिजे. कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम असें लिहिलेलें असेल, तर त्यांत प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम असतें. सायट्रेटमध्यें तें वजनाच्या पंचमांशाच्या आसपास असतें. कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यावें, कारण तें विरघळण्यास जठरांतील आम्ल लागतें. स्टेरॉइडबरोबर पुष्कळांना आम्ल कमी करणारी पॅन्टोप्राझोलसारखी गोळीही दिलेली असते. अशा वेळीं कार्बोनेट नीट शोषिलें जात नाहीं, आणि डॉक्टर सायट्रेट सुचवितात. एका वेळीं ५०० मिलिग्रॅमहून अधिक घेतल्यास शोषणाचें प्रमाण घटतें. म्हणून दोन गोळ्या असतील तर एक दुपारच्या व एक रात्रीच्या जेवणाबरोबर घ्यावी.

या वेळापत्रकाचा आणखी एक लाभ आहे. सकाळीं उठल्याबरोबर स्टेरॉइड आणि दुपारीं जेवतांना कॅल्शियम, असा क्रम ठेवला कीं दोन्ही गोळ्या एकमेकींच्या वाटेंत येत नाहींत. आम्लपित्तावरील औषधें मोठ्या प्रमाणांत घेतल्यास कांहीं स्टेरॉइडांचें शोषण कमी होऊं शकतें. आणि त्यांपैकीं कांहीं औषधें स्वतःच कॅल्शियम कार्बोनेटचीं असल्यामुळें, तींही कॅल्शियमच्या बेरजेंत धरलीं पाहिजेत. ज्यांचा ॲडिसनचा रोग शरीराच्याच प्रतिकारशक्तीच्या बिघाडानें झालेला असतो, त्यांपैकीं अनेकांना थायरॉइडचाही विकार असतो. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचें अंतर हवें. लोहाच्या गोळ्याही कॅल्शियमपासून दूर ठेवाव्या. हाडांसाठीं आठवड्यांतून एकदां घ्यावयाची अलेंड्रोनेटची गोळी चालूं असेल, तर ती उपाशीं पोटीं साध्या पाण्याबरोबर घेऊन निदान अर्धा तास ताठ बसावें लागतें. तिच्याबरोबर कॅल्शियम घेतलें, तर ती घेतली न घेतली सारखीच.

कॅल्शियम शोषिलें जावें यासाठीं ‘ड’ जीवनसत्त्व लागतें, आणि दिवसभर कचेरींत वा घरांत बसणाऱ्या शहरी माणसांत तें कमी असण्याचा संभव मोठा. रोजची गरज ६०० ते ८०० एककांची आहे. कमतरता आढळल्यास ६०,००० एककांची पुडी, बहुधा आठवड्यांतून एकदां, कांहीं आठवडे देतात. ‘आठवड्यांतून’ हा शब्द निसटला आणि पुडी रोज घेतली गेली, तर रक्तांतील कॅल्शियम भलतेंच चढतें. असे प्रकार आपल्या देशांत घडलेले आहेत. त्याचप्रमाणें कॅल्शियमसाठीं रोज चुना खाण्याचा सल्ला अनेक घरांत दिला जातो. चुना हा दाहक क्षार आहे; त्याचें माप नाहीं आणि शुद्धतेची खात्री नाहीं. चुना घालून सुपारी सतत चघळणाऱ्यांत रक्तांतील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडें बिघडल्याचीं उदाहरणें वैद्यकाच्या नियतकालिकांत नोंदलेलीं आहेत.

अतिरिक्त कॅल्शियमचा धोका या रुग्णांना इतरांपेक्षां अधिक कां, हें नीट समजून घेण्यासारखें आहे. कॅल्शियम वाढलें कीं मळमळ, ओकाऱ्या, थकवा, बद्धकोष्ठ, वारंवार लघवी आणि मंदपणा हीं लक्षणें दिसतात. कॉर्टिसॉल कमी पडला तरीही मळमळ, ओकाऱ्या आणि थकवा हींच लक्षणें दिसतात. एवढेंच नव्हे, तर उपचार न झालेल्या ॲडिसनच्या कांहीं रुग्णांत रक्तांतील कॅल्शियम मूळचेंच वाढलेलें असतें, आणि तें स्टेरॉइड व सलाइन मिळतांच खालीं येतें. बाह्य लक्षणांवरून दोहोंचा निवाडा घरीं करतां येत नाहीं. तो रक्ततपासणीनेंच होतो. याच्या उलट एक विरळा प्रकारही आहे. त्यांत अधिवृक्क ग्रंथींबरोबर गळ्यांतील पॅराथायरॉइड ग्रंथीही निकामी होतात, व कॅल्शियम मुळांतच कमी असतें. अशा रुग्णाला स्टेरॉइड सुरू केल्यावर ती तूट अधिक उघडी पडूं शकते. त्याला कॅल्शियम हें पूरक नसून औषधच असतें. म्हणून शेजारच्या घरांतील रुग्णाचें पत्रक आपल्या घरांत उतरवून घेऊं नये.

आपल्याकडे या विकाराला आणखी एक बाजू आहे. ॲडिसन यांच्या काळीं या ग्रंथी नष्ट होण्याचें मोठें कारण क्षय होतें. पाश्चात्त्य देशांत तें मागें पडलें. भारतांत अद्याप तें विसरतां येत नाहीं. क्षयावरील रिफाम्पिसिन हें प्रमुख औषध यकृतांत कॉर्टिसॉलचा नाश जलद घडवून आणतें. तें सुरू झाल्यावर स्टेरॉइडची नेहमींची मात्रा अपुरी पडूं शकते. म्हणून डॉक्टर ती वाढवितात. ही वाढ हाडांच्या भीतीनें नाकारणें म्हणजे मोठें संकट ओढवून घेणें होय. तसेंच, हाडांसाठीं मीठ कमी करा, हा उपदेश सर्वसामान्यांस योग्य असला तरी, ज्याच्या शरीरांत मीठ टिकतच नाहीं, त्या ॲडिसनच्या रुग्णानें तो आपल्या मनानें पाळूं नये.

याशिवाय असाही एक मोठा वर्ग आहे कीं, ज्यांच्या ग्रंथी मूळच्या निरोगी होत्या. दम्यासाठीं, सांध्यांसाठीं महिनोन् महिने प्रेडनिसोलोन घेतल्यानें, किंवा गुणकारी म्हणून मिळालेल्या निनांवी पुड्यांत मिसळलेल्या स्टेरॉइडनें, त्या ग्रंथी निद्रिस्त झालेल्या असतात. हाडांच्या भीतीनें असा रुग्ण एका दिवसांत गोळी बंद करतो, आणि आठ-पंधरा दिवसांत साध्या तापानें वा जुलाबानें त्याचा रक्तदाब कोसळतो. स्टेरॉइड सोडावयाचें असेल, तर तें जिन्याच्या पायऱ्या उतरल्याप्रमाणें, डॉक्टरांच्या देखरेखीखालीं क्रमाक्रमानेंच सोडलें पाहिजे.

आजारपणांत या दोन गोळ्यांमधील भेद सर्वांत स्पष्ट होतो. ताप आला, तर स्टेरॉइडची मात्रा दोन-तीन दिवस दुप्पट किंवा तिप्पट करण्यास सांगितलेलें असतें. कॅल्शियम मात्र वाढवावयाचें नसतें. ओकाऱ्यांमुळें गोळी पोटांत ठरत नसेल, तर १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचें इंजेक्शन आणि रुग्णालय, हाच मार्ग. शस्त्रक्रियेच्या वेळींही वाढीव स्टेरॉइड द्यावेंच लागतें. जॉन केनेडी यांना ॲडिसनचा रोग असल्याचें निदान १९४७ सालीं लंडनमध्यें झालें होतें. १९५४ सालीं त्यांच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली, आणि पुढील वर्षीं शस्त्रवैद्यकाच्या एका नियतकालिकांत ३७ वर्षांच्या एका अनामिक पुरुषाची, अशा रुग्णावर शस्त्रक्रिया करतांना स्टेरॉइड कसें सांभाळलें याची हकीकत छापली गेली. तो पुरुष म्हणजे केनेडीच, हें मागाहून उघड झालें. १९६१ सालीं ते अमेरिकेचे अध्यक्ष झाले. रोजची गोळी घेऊन मनुष्य केवढा भार वाहूं शकतो, याचें हें उदाहरण आहे.

एकादशीचा वा चतुर्थीचा उपास आला कीं पुष्कळ घरांत सर्वच गोळ्या एक दिवस मागें पडतात. कॅल्शियमची गोळी एक दिवस राहिली, तर कांहीं बिघडत नाहीं. स्टेरॉइडची राहिली, तर त्याच दिवशीं बिघडूं शकतें. घरांतील सर्वांना एवढा भेद पाठ असावा. रुग्णाच्या खिशांत रोगाचें नांव व औषधाची मात्रा लिहिलेलें पत्रक असावें, प्रवासांत चार दिवसांच्या जादा गोळ्या असाव्या, आणि डॉक्टर सांगतील त्या अवधीनें रक्तांतील कॅल्शियमची व हाडांच्या घनतेची तपासणी व्हावी. रोजचें चालणें, उन्हांत थोडा वेळ बसणें आणि धूम्रपान वर्ज्य करणें, हेंही हाडांचेंच औषध आहे.

हाडांची चिंता करणें चुकीचें नाहीं. परंतु हाडें जपावयाचीं तीं जगण्यासाठीं; आणि या रुग्णांच्या बाबतींत जगणें सकाळच्या त्या लहानशा गोळीवर उभें आहे. ती योग्य मापानें घ्यावी, न चुकतां घ्यावी, आणि तिच्या मागून जेवणाच्या ताटाशीं कॅल्शियमला त्याची बेताची जागा द्यावी. दोहोंचा मेळ तो एवढाच.